मुठीतलं मुठेल, डबीतलं क्रीम

(दृश्य : कोकणातलं अंगण. उन्हात वाळत घातलेल्या कोकमाच्या बिया.)

कोकमाच्या सालींची आमसुलं होतात, बिया मागे उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तरंगतं ते तेल. निवलं की घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात, म्हणून ते मुठेल. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात.

(दृश्य : भेगाळलेली टाच, अगदी जवळून.)

आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. थंडीतली कोरडी हवा या भिंतीतलं पाणी ओढून घेते. विटांच्या कडा उचलल्या जातात आणि टाच खरखरीत लागते. मुठेल साधारण ४० अंशांना वितळतं. पातळ करून चोळलं की ते या फटींत शिरतं, उचललेल्या कडा खाली बसवतं, आणि आतलं पाणी सहजी उडू देत नाही. क्रीम बनवणारे अशा घटकाला 'इमोलिएंट' म्हणतात. आयुर्वेदातला 'स्नेहन' हा शब्द मला त्याहून जवळचा वाटतो.

पण मुठेलात पाणी नाही. क्रीमला दोन्ही हवं असतं, आणि तेल-पाणी तर एकमेकांजवळ थांबत नाहीत.

(दृश्य : ताक घुसळणारी रवी.)

स्वयंपाकघरात मात्र ती थांबलेली दिसतात. दुधात पाण्यामध्ये स्निग्धाचे थेंब असतात, लोण्यात स्निग्धामध्ये पाण्याचे. हलकं लोशन बहुधा दुधाच्या जातीचं, जाड कोल्ड क्रीम लोण्याच्या. थेंबांना धरून ठेवणारा रेणू दुतोंडी असतो, एक टोक तेलात, दुसरं पाण्यात. हाच इमल्सिफायर.

आणि इथे मुठेल पुन्हा भेटतं. त्यात स्टिअरिक आम्ल नावाचं स्निग्ध आम्ल बरंच असतं, पण ते सुटं नसतं. तेलाच्या रेणूत ग्लिसरिनला तीन आम्लं चिकटलेली असतात. तीनऐवजी एकच स्टिअरिक आम्ल जोडलं, तर ग्लिसरिनच्या मोकळ्या जागा पाण्याकडे ओढ घेतात आणि आम्लाची लांब शेपटी तेलात राहते. क्रीमच्या डबीवर याचं नाव छापलेलं असतं, ग्लिसरिल स्टिअरेट. तेल आणि तेलाला पाण्याशी जोडणारा, दोघेही एकाच घराण्यातले!

(दृश्य : रात्र. न्हाणीघराच्या पायरीवर पाय धुणारी आजी.)

मुठेल लावायचं तर पाय धुवून, नुसते टिपून, ओलसर असतानाच. पाणी आपण द्यायचं, राखायचं काम त्याचं.