घरट्याला धक्का, तीही शिकारच

[दृश्य : कारवारचा किनारा. वाळूवर बसलेला कुरवांचा थवा, मागे गाड्यांची रांग.]

निवेदन :
शनिवारी पहाटे बेळगाव सोडायचं, खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरायचा, की जेवणाच्या आत कारवार. गाडीचं दार उघडलं की पोरं सुटतात ती थेट पाण्याकडे. मध्ये कुरव आणि चिखल्यांचा थवा बसलेला. एक जण मोबाईल धरतो, दुसरा हात पसरून थव्यात घुसतो. पक्षी उडतात, रील होते. थवा जरा पुढे जाऊन टेकतो, तर तिथे दुसऱ्या गाडीतली पोरं उतरत असतात.

हे पक्षी उगाच बसलेले नसतात. भरतीला चिखल पाण्याखाली जातो, खाणं थांबतं. तेवढा वेळ ताकद राखून ठेवायची असते. यातले बरेच जण हिवाळ्यापुरते मध्य आशियातून, सायबेरियातून आलेले. मार्च-एप्रिलमध्ये परत निघताना अंगात चरबी नसेल, तर एवढा पल्ला गाठणार कसा? दर वेळी उडवून लावलं, की खर्च त्या शिदोरीतूनच होतो.

[दृश्य : नदीपात्रातलं वाळूचं बेट. भर दुपार.]

आपल्या नद्यांवरही वेगळं काही चालत नाही. उन्हाळ्यात कृष्णा, घटप्रभा आटल्या की वाळूची बेटं उघडी पडतात. नदी सुरय अशाच जागी वीण करतो. पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी. घरटं कसलं, वाळूत उकरलेला उथळ खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. वाकून पाहिलं तरी चटकन दिसत नाहीत. वाळूचे चटके बसू लागले की हा पक्षी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतो. शेतातली टिटवीसुद्धा हेच करते. अशा वेळी कुणी बेटावर पार्टीला उतरलं, की जोडी डोक्यावर कलकलाट करत फिरत राहते. पाहणाऱ्यांना वाटतं, काय मजेत उडतायत! खाली अंडी तापत असतात, कावळे टपलेले असतात.

टिटवीदेखील समुद्र आटवते, अशी म्हण आहे. तिच्या बाजूने आता कायदाही आहे, पण तो फार कमी जणांनी वाचलाय. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदूक आणि जाळ्याबरोबर पक्ष्यांची अंडी फोडणं येतं, आणि अंड्यांना किंवा घरट्याला नुसता त्रास देणंही येतं. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. अशा गुन्ह्याला साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी दंडाची मर्यादा २५ हजार होती.

[दृश्य : धुपदाळचा बंधारा, पाण्यावर उतरणारे करकोचे.]

गोकाक तालुक्यातलं घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४चं. अभयारण्याच्या हद्दीत वन्यप्राण्याला नुसतं छेडणंही गुन्हा. कारवारच्या मोकळ्या किनाऱ्यावर मात्र घरट्यासाठी कायदा जितका स्पष्ट आहे, तितका नुसत्या बसलेल्या थव्यासाठी नाही. किनारपट्टी नियमनाच्या २०१९च्या अधिसूचनेत पक्ष्यांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक गटात आहेत, हे खरं. पण ती बांधकामं आणि उद्योग रोखते. थव्यात घुसणाऱ्या पोराला ती काय अडवणार?

आणि कायदा कितीही कडक असला, तरी अंड्यावर पाय पडला हे पाहायला त्या बेटावर असतं कोण? सीमाभागात फलक कुठल्या भाषेत हवा यावरून आपण वर्षानुवर्षं भांडतोय. असल्या बेटांवर फलक सहसा नसतोच, ना कन्नड, ना मराठी.

[दृश्य : वाळूवर माणसाच्या पावलांचे ठसे.]

पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, की आपण फार जवळ गेलोय. तिथेच थांबायचं. कुत्रं सोबत असेल तर साखळीला बांधायचं, ड्रोन पेटीत ठेवायचा. आणि सुरय किंवा टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर जवळपास घरटं आहे असं समजायचं. अंडी शोधत बसायचं नाही. आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे फिरायचं. नवी वाट काढली, तर दुसऱ्या खळग्यावर पाय पडायचा.