रिकामी जागा

नमस्कार मंडळी.

माझं गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात. मोझरी जवळच. तुकडोजी महाराजांनी 1935 साली तिथं गुरुकुंज आश्रम उभा केला आणि आसपासच्या खेड्यांमध्ये सामुदायिक प्रार्थना रुजली. दिवेलागणीला सगळे रांगा करून बसायचे. पाटील, मजूर, सुतार, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. समोर मूर्ती नसायची, फक्त एक आसन मांडलेलं. ते रिकामं का, असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "ज्याचा जो देव, त्यानं तो तिथं पाहावा."

मी सातवीत होतो. मे संपता संपता बाबा बैलबंडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मृग तोंडावर आलेला. आईनं शेगावच्या गजानन महाराजांना नवस बोलला : पेरणीआधी यांना उभं करा, मी पायी दर्शनाला येईन.

बाबा उभे राहिले नाहीत, पाऊस मात्र वेळेवर आला. एरवी ज्या पावसासाठी सारं गाव आभाळाकडे डोळे लावून बसतं, त्याच पावसात आई चुलीपुढं बसून रडत होती. काळ्या कसदार जमिनीचं गणित तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. ओली असेल तर पेरणीची तिफण चिखलात रुतते, उशीर झाला तर ओल उडून जाते. मधला वाफसा मिळतो तो मोजक्या दिवसांचा. तेवढ्यात पेरायचं. घरी बैल होते, बी होतं, हाकणारा माणूस नव्हता.

वाफसा झाला त्या सकाळी आमच्या वावरात तीन तिफणी उभ्या होत्या. दोन प्रार्थनेतल्या मंडळींच्या. तिसरी धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, काकांची, आणि त्यांचं आमचं तर चार वर्षं बोलणंही नव्हतं. धुरा कोरण्यावरून प्रकरण कोर्टात गेलेलं. आई डोक्यावरचा पदर सावरत बांधावरच थबकली. काका खाली मान घालून म्हणाले, "वयनी, प्रार्थनेत दादाची जागा रोज रिकामी दिसे. मले तिकडं पाहवत नव्हतं. बी आना."

दिवसभर आई त्यांच्या तिफणीमागं चाड्यावर मूठ धरून चालली. दोघं फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी काका घरी आले, बाबांच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "हा वाद मिटू दे म्हणून मी लय दिवसांपासून देवाले मागत होतो. मले वाटे, कोर्टात मिटन." बाबांनी त्यांचा हात धरला. तो हात बराच वेळ सुटला नाही, हे मला आजही स्वच्छ आठवतं.

बाबा पुढं चालू लागले, पण लंगडतच. तरीही आईनं नवस फेडला. मी म्हटलं, "माय, तू मागितलं ते तर भेटलंच नाही." तेव्हा तिनं अकोलीच्या भास्कर पाटलाची गोष्ट काढली. त्यानं गजानन महाराजांना पाणी नाकारलं, आणि मग बारा वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीला पाणी आलं, ही कथा विदर्भात घरोघरी सांगतात. आई म्हणाली, "सारे विहिरीचंच सांगतात. भास्करचं मन पाझरलं, ते कोनी सांगत नाही. मले मागता नाही आलं रे नीट. देनाऱ्याले समजलं."

देव आहे का, यावर इथं पुष्कळ चर्चा होतात. मला त्या करता येत नाहीत. माझी श्रद्धा त्या वावरातली आहे. आणि म्हणून आज उभा राहिलो.

आपल्या महिन्याच्या भजनाला खिडकीपाशी बसणारे एक काका गेल्या दोन वेळा आलेले नाहीत. उद्या सकाळी दहा वाजता मी त्यांच्याकडे निघतोय. गाडीत तीन जागा आहेत.