दाभोळ–धोपावे: काठावरचं काम

[दृश्य: दाभोळची जेट्टी, नुकतं उजाडलेलं. साखळ्या वाजतात, बोटीचा रॅम्प खाली येतो.]

हे दाभोळ, तालुका दापोली. समोर दिसतंय ते धोपावे, तालुका गुहागर. मध्ये वाशिष्ठीची खाडी. रस्त्याने पलीकडे जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा. बोटीने दहा-पंधरा मिनिटं.

गाड्या नेणारी ही फेरीबोट २००३ पासून चालते, आणि ती चालवते सुवर्णदुर्ग शिपिंग ही खासगी कंपनी. त्याआधी माणसं होडीतून, लाँचमधून जायची आणि गाडी अलीकडच्या काठावर राहायची. पुढे वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, तवसाळ–जयगड अशा खाड्यांवरही बोटी आल्या, आणि गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण उतरता येऊ लागलं.

[दृश्य: टेम्पो रॅम्पवर चढतो. खलाशी हाताने खुणा करतोय.]

पर्यटकाचा कॅमेरा पाण्यावर असतो. आपण जरा काठाकडे बघू, कारण बोटीचं अवघड काम काठावरच आहे.

या बोटीचा तळ सपाट असतो. तिला खोल बंदर लागत नाही, पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार पुरतो. बोट त्यावर नाक टेकवते आणि रॅम्प सोडते. बांधायला दोर असतो, पण गाड्या चढ-उतार करत असताना तिला जागेवर धरून ठेवतं ते इंजिन. म्हणून बोट थांबलेली दिसली तरी इंजिन पुढच्या गिअरमध्ये मंद चालूच असतं. पाण्याची ओढ आडवी असेल तर सारंगाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, हात सुकाणूवरून निघत नाही.

भरलेला टेम्पो रॅम्पवर आला की नाक दबतं. तो आत सरकला की नाक पुन्हा वर येतं. म्हणून जड गाडी मधोमध, कार तिच्या मागे-पुढे, दुचाक्या कडेला. ‘घे, घे, अजून घे... बास!’ दोन आरशांमध्ये चार बोटांचं अंतर. रॅम्प एकाच टोकाला असलेल्या बोटीत रिव्हर्सचं प्रकरण ठरलेलं, आणि पुण्या-मुंबईच्या नव्या ड्रायव्हरला तिथेच घाम फुटतो. खलाशी ओरडत नाही. दोन्ही हात वर धरून नुसती बोटं हलवतो. गाडी लागली की हँडब्रेक, गिअर, आणि गरज वाटली तर चाकाखाली लाकडी ठोकळा.

[दृश्य: मध्य खाडी. रुंद शॉट.]

आता दहा मिनिटं मोकळी. मागे दाभोळची आदिलशाही काळातली मशीद. हे एके काळी मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी मायदेशी निघाला तो इथूनच जहाजात बसून. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी गाव जाळलं. आणि गुहागरच्या बाजूला, अंजनवेलला, तो वीज प्रकल्प. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा. दाभोळचं नाव जगभर गाजवलं त्याने, पण उभा राहिला खाडीच्या दुसऱ्या काठावर!

[दृश्य: रांग. आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो.]

एप्रिल-मे म्हणजे हापूस. पेटीतला आंबा वाट बघत नाही, त्यामुळे टेम्पोवाल्याचा जीव वर-खाली. मग गणपती, शिमगा, चाकरमान्यांच्या गाड्या. एरवी शाळेची पोरं, मासे घेऊन निघालेल्या बायका, बँकेत जाणारी माणसं. पावसाळ्यातही बोट चालते, पण वारा फिरला की थांबते. ते सारंग ठरवतो, आणि रांगेतल्या कुणीही त्याच्याशी वाद घालू नये.

[दृश्य: काठावर ओढलेली बोट. तळ खरवडतायत.]

खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा. तळाला शिंपले आणि कालवं धरतात, बोट जड होते, डिझेल जास्त जातं. म्हणून मधूनमधून बोट बाहेर काढून तळ खरवडायचा, गंजलेला पत्रा बदलायचा, रंग द्यायचा. तळाला जस्ताच्या वड्याही लावतात. पोलादाच्या आधी खारं पाणी त्या खातं.

सागरी महामार्गाच्या आखणीत दाभोळच्या खाडीवर पूल आहे. पूल झाला की आंबा थांबणार नाही, रात्री-अपरात्री पेशंट थांबणार नाही. पूल व्हायला हवा, यात मला तरी शंका वाटत नाही. सारंगाची नोकरी पुढे कुठे, हा प्रश्न मात्र खाडीबरोबर पुलाखाली राहील.

[दृश्य: रात्र. बोट धक्क्याला. खलाशी कॅलेंडरकडे बघतोय.]

शेवटची फेरी संपली. तळातलं पाणी उपसायचं, इंजिनाचं ऑइल बघायचं. आणि उद्याच्या भरती-ओहोटीची वेळ काढायची. किनाऱ्यावरचा हिशेब जुना आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, थोडी पुढे-मागे. उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती, सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी. त्यात अमावास्या-पौर्णिमेनंतरचे उधाणाचे दिवस, पाणी खूप खाली जाणार आणि उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडणार. नेमकी तीच वेळ शाळेच्या पोरांची आणि दुचाक्यांची.

म्हणून उद्या दोघे खलाशी लवकर येतील. शेवाळ घासून त्यावर वाळू पसरायची आहे.