राणी, छक्की, चौकी

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर 'थ्री कार्ड पोकर : नियम आणि डावपेच' असं वाचून बऱ्याच जणांनी दारातच विचारलं, सर, आज खरंच शिकवणार का? खरंच शिकवणार. पत्त्यांचा कॅट इथे टेबलावर आहे, शेजारी वाटीभर हरभरे आहेत. पैसे कुणी काढू नका. आपल्या राज्यातला जुगारबंदीचा कायदा 1887 सालचा आहे आणि तो अजून लागू आहे. कॅसिनोला वाट करून देणारा एक कायदा 1976 साली मंजूर झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. ज्यांना कॅसिनो बघायचाय त्यांनी पणजीला मांडवी नदीवर जावं. आपण हरभऱ्यांवर खेळू.

माझं म्हणणं असं आहे की पत्ते हातात घेण्याआधी माणसानं मोजायला शिकावं, आणि मोजायला शिकायला तीन पत्त्यांइतकं सोपं साधन मला चौतीस वर्षांच्या मास्तरकीत दुसरं सापडलं नाही.

तिर्रट, म्हणजे तीन पत्ती, इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. (हशा) हात वर करा म्हणत नाही. आमचं गाव दुधनेच्या काठी. पोळ्याला बैल मिरवून आले, पुरणपोळी खाऊन झाली, की मारुतीच्या देवळामागं पोतं अंथरलं जायचं आणि मधोमध कंदील. 1979 चा पोळा. मी तेव्हा औरंगाबादला बी.एस्सी. करत होतो, सुटीला आलो होतो. बसणाऱ्यांत माझे चुलते, आबा, आणि किराणा दुकानवाले तात्या. डाव वाढत वाढत पोतडीवर 340 रुपये जमले. तेव्हाचे 340. बाकी सगळे पॅक झाले, म्हणजे पानं टाकून बाहेर पडले, हे दोघं उरले. तात्यांनी शो मागितला, म्हणजे पानं उघडायला सांगितली. आबांनी तीन दुर्र्या टाकल्या. तात्यांनी टाकले किलवरचे एक्का, राजा, राणी.

आबांनी पैसे ओढायला हात घातला तसा तात्यांनी त्यांचा मनगटाशी हात धरला. म्हणाले, "थांबा आबा. ही एवढी मोठी माणसं एका रंगात, एका ओळीत येऊन बसली, अन् तुमच्या तीन दुर्र्या त्यांला मारत्यात? कामून?"

मंडळी, हे 'कामून' मी आजवर विसरलो नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक खेळत आलेत, ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यात मोठी, त्याखाली प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एका रंगाची सलग तीन पानं. पण का, हे त्या पोत्यावर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. "ए बी.एस्सी., सांग की!"

मी विडीच्या बंडलाचा कागद उलटा केला आणि पेन्सिल घेतली. ट्रेल किती? एक्क्यापासून राजापर्यंत तेरा पानं. प्रत्येकाची चार रूपं, त्यातली तीन घ्यायची म्हणजे एक सोडायचं, सोडायच्या चार तऱ्हा. तेरा चोक बावन्न. आता प्युअर सिक्वेन्स. एक्का-दुर्री-तिर्रीपासून सुरू करा आणि राणी-राजा-एक्क्यापर्यंत या, बारा ओळी होतात. रंग चार. बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ. तात्यांचं म्हणणं हिशेबानं खरं होतं.

तात्या उठून उभे राहिले. आबा मात्र शांत. ते म्हणाले, "पोरा, गणित तुझं खरं असंल. पण आपण बसलो तव्हा नेम कोणता व्हता? ट्रेल मोठी. मंग पैसे माझे." आणि पैसे त्यांनी उचलले. तात्या पितृपंधरवडा संपेपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

दोघंही बरोबर होते, हे मला कळायला वेळ लागला. मोजणी एक गोष्ट आणि बसण्याआधी ठरलेला नेम दुसरी. आपली तीन पत्ती इंग्रजांच्या ब्रॅग या जुन्या खेळातून आली असं मानतात, आणि ब्रॅगमध्येही तीन सारखी पानं सगळ्यांच्या वर. कुणी मोजून ठेवलेला तो क्रम नाही, वाडवडलांकडून आलेला आहे.

पुढं निवृत्तीनंतर आम्ही सहकारी गोव्याला गेलो. बोटीवर एका टेबलाच्या हिरव्या कापडावर क्रम छापलेला होता, आणि तिथे वर स्ट्रेट फ्लश, म्हणजे आपली प्युअर सिक्वेन्स, आणि तिच्याखाली तीन सारखी. मी त्या कापडापाशी बराच वेळ उभा होतो. तात्या हयात नाहीत. असते तर तिथूनच फोन लावला असता.

आता एक दुखणं सांगतो, सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. दहावीच्या गणितात संभाव्यता हा धडा आहे. त्यात 52 पत्त्यांच्या कॅटची उदाहरणं येतात. लाल पत्ता येण्याची संभाव्यता काढा, चित्रपत्ता येण्याची काढा. माझ्या वर्गात शेतावरून, तांड्यावरून येणाऱ्या मुली होत्या. घरात पत्ते म्हणजे बापानं उडवलेला पगार, म्हणून त्यांनी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नव्हता. एका हुशार मुलीनं चाचणीत चित्रपत्ते सोळा लिहिले. मी बोलावून विचारलं. तिनं एक्क्यावर मोठं नक्षीदार इस्पिक कुठंतरी पाहिलं होतं, ते चित्रच तर होतं! तिचं गणित चुकलं नव्हतं. तिनं ती वस्तूच पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कॅट घेऊन गेलो. बावन्न पानं बाकांवर मांडली, मुलींनी रंग लावले, बदाम-चौकट लाल, इस्पिक-किलवर काळे, राजा-राणी-गुलाम मिळून बारा. चाळीस मिनिटांत अख्खा धडा झाला. आठवड्याभरात संस्थेकडून मला लेखी विचारणा आली की वर्गात जुगाराचं साहित्य का आणलं. ज्या पुस्तकात कॅट छापलाय ते पुस्तक त्याच संस्थेनं वाटलं होतं! मी उत्तरात त्या धड्याच्या पानाचा क्रमांक लिहिला. कॅट मात्र कपाटात कुलूपबंद झाला तो झालाच. त्या वर्षीच्या मुलींना मी खडूनं फळ्यावर पत्ते काढून शिकवलं. राग मला आजही आहे. जुगारापासून मुलं वाचवायची तर त्यांना मोजता आलं पाहिजे. मोजता न येणारा माणूसच त्या पोत्यावर आधी लुटला जातो.

आणि ही मोजणी परकी नाही हो. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांनी कोरवलं, त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात निवडींची संख्या काढायची सर्वसाधारण रीत दिली. वर उतरते आकडे, खाली चढते. 52 गुणिले 51 गुणिले 50, भागिले 1 गुणिले 2 गुणिले 3. उत्तर 22,100. कॅटमधून तीन पानांचे एवढेच हात निघतात. पास्काल आणि फर्मा यांची जुगाराच्या प्रश्नावरची पत्रं 1654 ची, म्हणजे आठशे वर्षांनंतरची.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बारा मिनिटं उरलीत आणि फळ्यावर लिहिलेला विषय अजून तसाच आहे. भरभर घेतो, वहीत उतरवून घ्या.

थ्री कार्ड पोकर हा खेळ डेरेक वेब या इंग्रज गृहस्थांनी 1994 मध्ये तयार केला. पुढं हेच वेब इंग्लंडमधल्या जुगाराच्या यंत्रांवर मर्यादा आणा म्हणून मोहिमेत उतरले, आणि 2019 मध्ये तिथे त्या यंत्रांवरचा एका वेळचा डाव 100 पौंडांवरून 2 पौंडांवर आला. खेळ असा. पानं वाटण्याआधी ठेवायची रक्कम, आपण जिला बूट म्हणतो, ती इथे अँटी. ती ठेवली की तुम्हाला तीन पानं, डीलरला, म्हणजे पानं वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाला, तीन पानं. बाकीच्या खेळाडूंशी तुमचं काही नाही, लढत फक्त डीलरशी. चाल वाढवणं नाही, डोळ्यांत बघून फसवणं नाही. पानं बघा आणि ठरवा. पॅक झालात तर अँटी गेली. खेळायचं तर अँटीएवढीच रक्कम आणखी ठेवा.

मग डीलर पानं उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा त्याहून मोठा हात हवा. नसेल तर तो लढायला लायकच नाही. तुम्हाला अँटीवर एकास एक मिळतं, वाढवलेली रक्कम नुसती परत. लायक असेल आणि तुम्ही जिंकलात तर दोन्हींवर एकास एक, हरलात तर दोन्ही गेले. कॅसिनोची कमाई इथेच आहे. तुमच्याकडे ट्रेल येते त्या वेळी डीलरकडे राणीही नसली, तर दुसऱ्या रकमेवर काहीच मिळत नाही. सिक्वेन्स किंवा त्याहून मोठा हात आला तर अँटीवर थोडा बोनस असतो, पण त्यानं भरपाई होत नाही.

क्रम पुन्हा ऐका, संख्येसकट. स्ट्रेट फ्लश 48, तीन सारखी 52, साधी सिक्वेन्स, म्हणजे सलग पण एका रंगाची नसलेली पानं, 720, कलर, म्हणजे एका रंगाची पण सलग नसलेली, 1,096, जोडी 3,744, आणि काहीच नाही असे हात 16,440. चारातल्या जवळपास तीन वेळा हातात काहीच नसतं.

मग पॅक कधी व्हायचं? राणी, छक्की, चौकी. पोलिसांची चौकी नव्हे. (हशा) मोठं पान आधी ताडून बघा, मग मधलं, मग लहान. हात याएवढा किंवा याहून मोठा असेल तर खेळा, खाली असेल तर ठेवून द्या. राजा असला की डोळे झाकून खेळा, राणी-सत्ती-दुर्री असली तरी खेळा. कारण असं : 100 रुपयांची अँटी धरा. पॅक झालात तर 100 गेले. राणी-छक्की-चौकीवर खेळलात तर सरासरी तोटा 100 च्या किंचित आत राहतो. चौकीच्या जागी तिर्री आली की तो 100 च्या किंचित पुढं जातो. रेघ तिथे आहे.

या रेघेनं चाललात तरी दर 100 रुपयांच्या अँटीमागं सरासरी 3 रुपये 37 पैसे कॅसिनोचे. तासाला 40 डाव धरले तर 135 रुपये. आणि आपल्याकडे ज्याची फार मर्दुमकी, ते ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता प्रत्येक डाव खेळायचा? 7 रुपये 65 पैसे. दुपटीहून जास्त.

शेवटचं, पेअर प्लस. हा वेगळा डाव, फक्त तुमच्या हातावर. स्ट्रेट फ्लशला 40 पट, तीन सारख्यांना 30, सिक्वेन्सला 6, कलरला 4, जोडीला 1. याची बेरीज कुणीही करून बघा, 22,100 हातांवर प्रत्येकी एक रुपया धरून : मिळकत 15,928, हरणारे हात 16,440. फरक 512, म्हणजे शेकडा 2 रुपये 32 पैसे. आता कापडावर कलरपुढचा चार पुसून तीन लिहा. फरक 1,608 होतो, शेकडा 7 रुपये 28 पैसे. पानं तीच, डीलर तोच, एक आकडा बदलला. आबा म्हणाले होते तसं, बसण्याआधी नेम वाचा.

वेळ संपली, मला कळतंय. पण हरभरे तसेच आहेत. मागच्या ओळीतल्या ताईंनी मघापासून वहीत बेरीज मांडलीय, मी बघतोय. ताई, या पुढं, कॅट तुम्ही कापा. डीलर मी होतो. प्रत्येकाला दहा दाणे.