आतड्यातून अंडाशयाकडे

(दृश्य : सोनोग्राफीचा करडा पडदा)

पडद्यावर हे काळे ठिपके दिसतायत ना, अंडाशयाच्या कडेने माळेसारखे ओवलेले? त्यांना सगळे गाठी म्हणतात. पण त्या गाठी नव्हेत. अर्ध्या वाटेवर वाढ थांबलेल्या बीजपुटिका आहेत त्या. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांची हकिगत छापली, आणि तेव्हापासून सगळ्यांची नजर अंडाशयावरच खिळली. आजाराच्या नावातही तेच आलं : पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस.

प्रजननक्षम वयातल्या दहा जणींपैकी साधारण एकीला हा त्रास असतो. चुकणारी पाळी, हनुवटीवरचे केस, न जाणारी पुरळं. बऱ्याच जणींच्या बाबतीत मुळाशी असतं इन्शुलिन. शरीर त्याला नीट दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, बनवायला भाग पाडतं, आणि त्या अँड्रोजेनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही कमी करतं.

मग शरीर इन्शुलिनला दाद का देत नाही?

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालचे जीवाणू)

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक तर्क मांडला. आतड्यातल्या जीवाणूंची घडी विस्कटली, की आतड्याचं अस्तर सैल पडतं. जीवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, अंगात बारीक दाह धुमसत राहतो आणि तोच इन्शुलिनच्या आड येतो.

तर्क देखणा होता, पण पुरावा हवा होता. २०१९ मध्ये चिनी संशोधकांना पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यात ‘बॅक्टेरॉइड्स व्हल्गॅटस’ हा जीवाणू जास्त आढळला. त्यांनी तो उंदरांच्या माद्यांना दिला. माद्यांचं ऋतुचक्र बिघडलं, इन्शुलिनचा परिणाम घटला. पित्ताम्लांचं गणित बदललं होतं, आणि आतड्याचं अस्तर राखणारा इंटरल्युकिन-२२ हा संदेशवाहक कमी पडला होता. तो बाहेरून दिल्यावर माद्या सुधारल्या.

दुसऱ्या एका प्रयोगात तर आजारी माद्यांना निरोगी माद्यांबरोबर नुसतं एका पिंजऱ्यात ठेवलं, तरी फरक पडला. कारण किळसवाणं आहे, पण सांगायलाच हवं : उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. जीवाणूंची देवाणघेवाण आपोआप झाली.

अर्थात, उंदीर म्हणजे बाई नव्हे.

(दृश्य : जस्ताचा तुकडा, तांब्याची तार)

आता खनिजं. आधी जस्त, म्हणजे झिंक. स्वादुपिंडात इन्शुलिन साठवलं जातं तेच सहा-सहा रेणूंचं गाठोडं करून, आणि ते गाठोडं बांधायला जस्त लागतं. आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट राहायलाही जस्तच लागतं. म्हणजे अस्तराच्या त्या गोष्टीत ते आधीपासूनच होतं, आपण नाव घेतलं नव्हतं इतकंच.

पण आतड्यातलं खनिज एकट्या आपल्या वाट्याचं नसतं, जीवाणूही त्यावर टपलेले असतात. काही जीवाणू धान्याच्या कोंड्यातलं फायटेट फोडून त्यात अडकलेलं जस्त आणि लोह मोकळं करतात. काही लोह पकडण्यासाठी खास रेणू बाहेर सोडतात. लोहाची गोळी घेतली आणि ते पूर्ण शोषलं गेलं नाही, तर उरलेलं मोठ्या आतड्यात पोचतं आणि उपद्रवी जीवाणूंच्या पथ्यावर पडू शकतं.

लोहाचं आणखी एक आहे. पाळी कमी वेळा येते, तेव्हा रक्तही कमी जातं. त्यामुळे पीसीओएसमध्ये शरीरातला लोहाचा साठा कधी कधी उलट वाढलेला सापडतो. पाळीची तक्रार आहे म्हणून तपासणी न करता लोह सुरू करणं कसं अंगाशी येईल, ते यावरून कळेल.

जस्ताच्या गोळ्यांचंही तसंच. बाईची रोजची गरज साधारण ८ मिलिग्रॅम. ४० च्या वर दीर्घकाळ गेलं, तर जस्त तांब्याची वाट अडवतं. सेलेनियम आणि क्रोमियम पीसीओएसमध्ये देऊन पाहण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, निकाल मात्र एका सुरात बोलत नाहीत. डबीवरचा मजकूर बोलतो.

(दृश्य : रक्ततपासणीची नळी)

मग रक्तातलं जस्त मोजावं का? शरीरातल्या जस्ताचा जेमतेम अंश रक्तद्रवात असतो. त्यात भर म्हणजे अंगात दाह असला, की यकृत रक्तातलं जस्त स्वतःकडे ओढून घेतं. त्यामुळे अहवालात आकडा खाली दिसला, तर जस्त कमी म्हणून दाह झाला, की दाह आहे म्हणून जस्त कमी दिसतंय, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.