आयजीई वाढलंय, म्हणजे ॲलर्जीच का?

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय तो 'मुलांची ॲलर्जी, प्रतिकारशक्तीचे आजार आणि त्यांच्यासाठी रुग्णालयात स्वतंत्र विभाग' असा. मी मुख्यतः त्या स्वतंत्र विभागासाठी आलोय. जिथे मुलांचं मोठं रुग्णालय आहे, तिथे या दोन्ही दुखण्यांसाठी एकच विभाग हवा, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. पण त्याआधी एका तपासणीबद्दल बोलू द्या. तिच्यावर माझा जुना राग आहे.

ॲलर्जी पॅनेल. कुणाकुणाच्या घरात हा रिपोर्ट आहे, जरा हात वर करा बघू. बघा, मागच्या रांगांपर्यंत हात आहेत! रंगीत, सात-आठ पानी रिपोर्ट असतो. डावीकडे गहू, दूध, वांगं, शेंगदाणा, तूरडाळ, झुरळ, धूळ. उजवीकडे आकडे आणि त्यांच्यापुढे लाल-पिवळे पट्टे. पोराला सतत सर्दी होते म्हणून आईबाप रक्त देऊन येतात आणि हा कागद घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवसापासून पोराच्या ताटातलं दूध जातं, पोळी जाते, कूट घातलेली प्रत्येक भाजी जाते. आपल्याकडे कुटाशिवाय भाजी कुठली उरते, ते इथे बसलेल्या सगळ्या आयांना माहीत आहे.

रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड, सापडणं वेगळं आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं. जो मुलगा रोज वरणभात खाऊन खेळायला पळतो, त्याच्या रिपोर्टात तूरडाळीपुढे लाल पट्टा असला तरी त्याला तूरडाळीची ॲलर्जी नाही. आधी विचारायचं असतं: काय खाल्लं, किती वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले का, पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा तसंच झालं का. त्यातून ज्या एक-दोन पदार्थांचा संशय येतो, तेवढेच तपासायचे. आधी शंभर पदार्थ तपासून मग पोराला रोग शोधायचा, हा उलटा कारभार आहे.

या कारभारात काय होतं, ते एका मुलावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव घेत नाही. नऊ वर्षांचा मुलगा, वजन पाच वर्षांच्या पोराएवढं. सोबत आई, आजी आणि कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. सर्वांत वर पॅनेलचा रिपोर्ट. एकूण आयजीई हजारांत, पदार्थांच्या रकान्यांत ठिकठिकाणी थोडं थोडं उमटलेलं. 'तीव्र ॲलर्जी' असा शेरा. दीड वर्ष त्याचं दूध, दही, गहू, अंडं, शेंगदाणा बंद होतं. आजी म्हणाली, "डॉक्टर, सणाला सुद्धा पोळीचा तुकडा दिला नाही हो त्याला." त्या बाईंनी पथ्य असं पाळलं होतं की एखाद्या व्रताचं पाळणार नाही कुणी.

मी पिशवी तळापर्यंत रिकामी केली. लहानपणापासूनचा चट्ट्याचा इसब. डोक्यात आणि मानेवर गळवं, तीही गरम नाहीत, फारशी लाल नाहीत, फार दुखणारीही नाहीत. दोनदा न्यूमोनिया, एका एक्स-रेत फुप्फुसात हवेची मोठी पोकळी राहिलेली. किरकोळ पडण्यात मोडलेला हात. त्वचेचे कागद वेगळ्या डॉक्टरांकडचे, छातीचे वेगळे, हाडांचे वेगळे. मग मी त्याला म्हटलं, "आ कर बाळा." समोरच्या दातांच्या दोन ओळी. कायमचे दात मागून आले होते आणि दुधाचे पडलेच नव्हते. आई म्हणाली, "दातांचं दातवाल्यांना दाखवू म्हटलं."

हा ॲलर्जीचा मुलगा नव्हता. त्याला हायपर-आयजीई सिंड्रोम होता, म्हणजे प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष. थंड गळवांचं हे चित्र १९६६ साली वर्णन केलं गेलं, वाढलेल्या आयजीईशी त्याचा संबंध १९७२ साली जोडला गेला आणि स्टॅट३ हा दोषी जनुक २००७ साली सापडला. एकूण आयजीई अफाट वाढलं की निरनिराळ्या पदार्थांच्या रकान्यांतही थोडं थोडं दिसू लागतं, म्हणून पॅनेल रंगलं होतं. पोराला गरज होती ती जंतुसंसर्ग टाळणाऱ्या रोजच्या औषधाची, कातडीच्या काळजीची आणि पोटभर जेवणाची. जेवण आम्ही वॉर्डातच, नजरेखाली, एकेक पदार्थ करून सुरू केलं. गव्हाच्या दिवशी आजीने घरून पोळी आणली आणि पहिला घास स्वतः भरवला.

असंच दुसऱ्या एका आजारातही होतं. इसब, वारंवार कान फुटणं आणि अंगावर बारीक लाल ठिपके असलेला मुलगा वर्षभर 'स्किन ॲलर्जी'ची मलमं लावत राहतो. त्याचे प्लेटलेट कमी असतात आणि आकारानेही लहान असतात. हा विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम, हाही प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोषच. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, तो दिसतो, पण कागदाचा तो कोपरा वाचायला हवा.

थोडं विषयांतर करतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९५२ साली अमेरिकेत लष्करी रुग्णालयातल्या ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. त्याला पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होत होता आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, नव्हतंच. ते बाहेरून दिल्यावर मुलगा सुधारला. त्याच १९५२ साली आपल्या परळमध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे हा दुर्मीळ रक्तगट शोधला. आज तिथल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात एनआयआयएच ही रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची राष्ट्रीय संस्था आहे आणि प्रतिकारशक्तीचा दोष असलेल्या मुलांच्या पेशींच्या अवघड तपासण्या तिथे होतात. जवळच वाडिया रुग्णालयात मुलांसाठी इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या आजारांचा, विभाग आहे. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात तर ॲलर्जी आणि इम्युनॉलॉजीचं मिळून एकच युनिट आहे. सांगली-मिरजेच्या आईबापांनी मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर तापलेलं पोर घेऊन दादर गाठायचं. एकदा निदानासाठी ठीक आहे, पण दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ब्रुटन यांनी दिलं तेच बाहेरचं प्रतिपिंड, चढवायलाही तेच?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी आलो ते आता भरभर सांगतो.

विभाग एकच हवा, कारण दोन्ही दुखणी एकाच यंत्रणेची आहेत आणि चुकीच्या दारात गेलेलं मूल वर्षं गमावतं. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. पूर्ण वेळ एक प्रशिक्षित बालरोगतज्ज्ञ, एक परिचारिका, एक आहारतज्ज्ञ आणि चार खाटांचा डे-केअर. तिथे स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीला हलकं टोचून केलेली ॲलर्जीची तपासणी, व्हावी. संशयित पदार्थ देखरेखीखाली खायला घालून बघता यावा, शेजारी ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन, भरून ठेवलेलं. इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन तिथेच लागावी. परळला रक्ताचा नमुना जावा, पोर नको.

ॲड्रेनलिनचंही सांगतो. परदेशात मिळतं ते त्याचं तयार, टोचायचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून विभागाने आईबापांना ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि सिरिंज वापरायला शिकवून घरी पाठवायचं: १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. श्वास अडकलाय आणि घरचे एव्हिलची साधी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघतायत, असं होता कामा नये. शाळेलाही तसं पत्र द्यायचं.

दुसरं, सीबीसी. सहा महिन्यांच्या आतल्या आजारी बाळाच्या रिपोर्टात लिम्फोसाइटची, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराची, टक्केवारी बघून थांबू नका, गुणाकार करा. एकूण पांढऱ्या पेशी ४,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के, म्हणजे फक्त ८००. या वयात तीन हजारांच्या खाली गेलं की स्किड या सर्वांत गंभीर दोषाची शंका घ्यायचीच. अमेरिकेत २०१८ अखेरपर्यंत सगळ्या राज्यांत नवजात बाळांची यासाठी चाचणी सुरू झाली. आपल्याकडे ती सरसकट नाही, म्हणून हा गुणाकार महत्त्वाचा. स्किडवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे. पहिलं यशस्वी १९६८ सालचं. पैशासाठी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातून, ठरवून दिलेल्या केंद्रांत, ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि केईएम त्यातलं एक केंद्र आहे.

शेवटचं, आणि हे घरी जाऊन सांगा. ज्या घरात आधीचं बाळ वर्षाच्या आत जंतुसंसर्गाने गेलंय, किंवा आईचे भाऊ लहानपणीच गेलेत, किंवा मामाच्या मुलीशी लग्न झालंय आणि मुलं वाचत नाहीत, तिथे पुढच्या गरोदरपणातच डॉक्टरांना हे सांगायचं. गेलेल्या बाळाचे कागद फेकायचे नाहीत, दुःख होतं तरी फेकायचे नाहीत. जन्मल्यावर बाळाची सीबीसी आणि पेशींची तपासणी होईपर्यंत बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, थांबवायला सांगायचं. बीसीजीत जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाला ती लस हवीच, पण स्किडच्या बाळात तेच जंतू अंगभर पसरतात. प्रसूतिगृहात लस पहिल्या दिवशीच टोचतात, तेव्हा हे कळा सुरू होण्याआधी फाईलवर ठळक लिहून घ्या. आता प्रश्न विचारा. कागद आणले असतील त्यांनी पुढे या, मी थांबतो.