मंडईला ‘नको’ म्हणणारे जोतीराव

नमस्कार श्रोतेहो. आज पुण्याच्या शुक्रवार पेठेत जाऊ, महात्मा फुले मंडईत. काळ्या दगडाची इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती भाजीची दालनं. भाजीवाला उंच ओट्यावर, चारी बाजूंनी वांगी-टोमॅटोच्या राशी, तिथूनच वाकून तो तुमच्या पिशवीत भाजी ओततो. आता पिशवी नेतंय कोण म्हणा! प्लॅस्टिकमध्ये बांधलेली, कुणीतरी आधीच निवडून ठेवलेली भाजी घेण्यात कसली मजा, मला तरी कळत नाही. असो.

पूर्वी हा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. मग वासुदेव बापूजी कानिटकरांनी ही इमारत बांधली आणि १८८६ साली ती सुरू झाली. गव्हर्नर होते लॉर्ड रे, म्हणून नाव पडलं रे मार्केट. लक्षात ठेवा, रे मार्केट.

आता माझी आवडती गोष्ट. मंडई बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. घराणं माळ्याचं, फुलं-भाजी घरचीच. शिवाय जोतीराव स्वतः कंत्राटदार; कात्रजच्या बोगद्याच्या कामात त्यांचं कंत्राट होतं. म्हणजे भाजीतलंही कळणारा आणि दगड-चुन्यातलंही कळणारा माणूस. मंडईला पहिला हात यांचाच वर जायला हवा होता की नाही? पण जोतीराव म्हणाले, नको. आधी शाळा काढा, पैसा शिक्षणावर घाला. पुन्हा सांगतो, मंडई नको, आधी शाळा.

आणि हे काही एकदाच झालं नाही. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. स्वागताला हजार रुपये मंजूर करायचा ठराव आला. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकच, जोतीरावांचं! साहेबाच्या कमानी-पताकांपेक्षा तेच हजार रुपये पोरांच्या शिक्षणाला द्या, हे त्यांचं म्हणणं. हल्ली चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स झळकतात, ते पाहिले की मला हे एक मत आठवतं. बत्तीसांत एक!

मंडई अर्थातच झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकारानं रे साहेबांचं नाव उतरलं. चढलं कुणाचं? जी मंडई नको म्हणत होते, त्याच जोतीरावांचं.

पुढच्या भागात पलीकडच्या तुळशीबागेत जाऊ. तोवर नमस्कार.